स्वदेशच अभ्यासविषय झाला तेव्हा

एखाद्या राष्ट्राने आपल्या विद्यापीठांतून स्वतःलाच अभ्यासविषय म्हणून उभे करावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी काहीशी चमत्कारिक वाटते. विद्यार्थी इतिहास शिकतो, वाङ्मय शिकतो, अर्थशास्त्र शिकतो. परंतु 'माझा देश' या एकाच विषयात तो पदवी घेतो, तेव्हा तो नेमके काय शिकतो? जो देश तो रोज जगतो त्याचे शिक्षण त्याला वर्गात बसून घ्यावे लागावे, हे कशाचे लक्षण मानायचे? अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत 'अमेरिकन स्टडीज' हा पदवीचा मुख्य विषय म्हणून घेता येतो. या विषयाला स्वतःचे असे एक शास्त्र नाही. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, धर्मविचार, चित्रकला, संगीत, राज्यशास्त्र अशा अनेक विभागांच्या दारांतून तो विद्यार्थ्याला हिंडवितो आणि अखेरच्या वर्षी बहुधा त्याच्याकडून एक छोटा प्रबंध लिहून घेतो. जन्मापासूनच या विषयाकडे संशयाने पाहिले गेले. इतिहासकारांना तो उथळ वाटला, साहित्याच्या अभ्यासकांना रुक्ष वाटला, आणि पालकांना (हे पालक सर्व देशांत सारखेच!) तो पोटापाण्याच्या दृष्टीने निरुपयोगी वाटला. तरीही तो टिकून आहे.

त्याची कहाणी आपल्याकडील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी, असे आज एक निकडीचे कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही 'मेजर', 'मायनर', 'ओपन इलेक्टिव्ह' ही शब्दावली रुळू लागली. कचेरीतील कारकुनापासून प्राचार्यांपर्यंत सारेजण क्रेडिटांची बेरीज जुळविण्यात गुंतले आहेत. विषय एकमेकांशेजारी मांडले म्हणजे ते एकमेकांशी बोलू लागतात काय, हा प्रश्न मात्र त्या बेरजेत कोठे येत नाही. अमेरिकेतील या विद्याशाखेने जवळजवळ नव्वद वर्षे त्याच प्रश्नाशी झुंज दिली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत खुद्द अमेरिकेच्या विद्यापीठांत अमेरिकन वाङ्मयाला फारसे स्थान नव्हते. वाङ्मय म्हणजे इंग्लंडचे. शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्यानंतर व्हिटमन किंवा मेलव्हिल यांना वर्गात आणणे हे अनेकांना अप्रतिष्ठेचे वाटे. एमर्सनने १८३७ साली हार्वर्डमध्ये 'अमेरिकन विद्वान' या विषयावर गाजलेले भाषण करून युरोपच्या बौद्धिक ओझ्यातून मुक्त होण्याचे आवाहन केले होते. पण भाषणांना टाळ्या मिळाल्या म्हणून अभ्यासक्रम बदलत नसतात. मुंबई विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना जे झगडावे लागले, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. पारतंत्र्य राजकीय असो वा केवळ मनाचे असो, स्वतःच्या वाङ्मयाला दार उघडण्यात विद्यापीठे बहुधा सर्वांच्या मागेच असतात.

हे दार ज्यांनी जोराने ढकलले त्यांत व्हर्नन पॅरिंग्टन हे नाव प्रथम घ्यावे लागते. ओक्लाहोमा विद्यापीठात त्यांनी इंग्रजी शिकविले आणि जोडीला तेथील फुटबॉल संघालाही धडे दिले. १९०८ साली राजकीय व धार्मिक साठमारीत त्यांना त्या विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. पुढे ते सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि तेथे वर्षानुवर्षे खपून त्यांनी अमेरिकन विचारातील मुख्य प्रवाहांचा मागोवा घेणारा ग्रंथ लिहिला. त्याचे पहिले दोन खंड १९२७ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, त्यात धर्मोपदेशकांची प्रवचने, राजकीय पत्रके, कायदेपंडितांचे युक्तिवाद आणि कादंबऱ्या एकाच पंगतीला बसविल्या होत्या. लेखकाच्या शैलीपेक्षा तो कोणाच्या हिताची बाजू घेतो, हे पॅरिंग्टन आधी पाहत. त्यामुळे सौंदर्यदृष्टीचे त्यांना वावडे आहे, असा आक्षेप आला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. हेन्री जेम्ससारख्या कादंबरीकाराला त्यांनी थोडक्यात उरकले. परंतु एका देशाच्या मनाचा शोध घ्यावयाचा तर विभागांच्या भिंती आड येतात, ही गोष्ट त्यांनी सिद्ध करून दाखविली.

त्यानंतरचे दशक मंदीचे. १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला, लक्षावधी लोक बेकार झाले, युरोपात हुकूमशाह्या माजल्या. आपला देश म्हणजे नेमके काय, त्यात टिकविण्यासारखे काय आहे, हा प्रश्न अमेरिकेत केवळ विद्वानांचा राहिला नाही. अशा काळात, १९३७ साली, हार्वर्डने अमेरिकन संस्कृतीच्या इतिहासात डॉक्टरेट देण्याचा उपक्रम सुरू केला. तेथे पेरी मिलर आणि एफ. ओ. मॅथीसन हे दोन प्रभावी अध्यापक होते. मिलर यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, तरुणपणी साहसाच्या ओढीने आफ्रिकेत काँगो नदीच्या काठी असताना अमेरिकेहून आलेली तेलाची पिंपे उतरताना पाहून, या देशाचा अर्थ आपणच सांगितला पाहिजे, अशी जाणीव त्यांना झाली. पिंपे तेलाची, पण त्यांतून निघाला तो सतराव्या शतकातील प्यूरिटन धर्मोपदेशकांचा सूक्ष्म अभ्यास! स्वदेशाचे दर्शन कित्येकदा परमुलखातच होते.

मॅथीसन यांचा 'अमेरिकन रेनेसाँ' हा ग्रंथ १९४१ सालचा. एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि व्हिटमन या पाच लेखकांभोवती तो उभा आहे. १८५० ते १८५५ या अवघ्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेत श्रेष्ठ वाङ्मयाचा बहर आला, असे त्याचे प्रतिपादन. ते मोठ्या रसिकतेने केलेले आहे. पण त्याच अवधीत, १८५२ साली, हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी निघाली होती आणि पहिल्या वर्षातच एकट्या अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या होत्या. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन त्यापूर्वी, १८४५ मध्येच, प्रसिद्ध झाले होते. या दोघांना त्या पंचायतनात जागा मिळाली नाही. राष्ट्राचे मन शोधावयास निघालेल्या थोर रसिकाला त्या राष्ट्राच्या निम्म्याहून अधिक माणसांचा आवाज ऐकू आला नाही, ही या विद्याशाखेची पहिली मोठी शिकवण म्हणावी लागेल. मात्र ती कळून यायला आणखी तीस वर्षे जावी लागली.

हार्वर्डच्या या उपक्रमातून पहिली डॉक्टरेट १९४० साली हेन्री नॅश स्मिथ यांना मिळाली. त्यांचा 'व्हर्जिन लँड' हा ग्रंथ १९५० मध्ये आला. अमेरिकेचा पश्चिम भाग म्हणजे नांगर न लागलेली, कोणाचीही नसलेली, कष्टाळू शेतकऱ्याची वाट पाहणारी भूमी, हे चित्र लोकांच्या मनावर कसे ठसले आणि त्याने जमीनवाटपाच्या कायद्यांनाही कसे वळण दिले, हे त्यांनी दाखविले. त्यासाठी त्यांनी काँग्रेसमधील भाषणे वाचली तशाच दहा-दहा सेंटांना विकल्या जाणाऱ्या साहसकथाही वाचल्या. प्राध्यापकाने असल्या बाजारू पुस्तकांना हात लावावा, ही त्या काळी धीटपणाचीच गोष्ट होती. त्याच वाटेने पुढे लिओ मार्क्स यांनी १९६४ साली 'द मशीन इन द गार्डन' लिहून, निसर्गरम्य जीवनाचे गोडवे गाणारा हा देश आगगाडीची शीळ ऐकताच कसा द्विधा होतो, याचे मार्मिक विवेचन केले.

आणि तरीही स्मिथ यांच्या ग्रंथात एक भली मोठी पोकळी होती. ती भूमी कोणाचीही नव्हती, हे चित्र खोटे होते. तेथे शतकानुशतके मूळ रहिवाशांची वस्ती होती. मिथकाचा अभ्यास करणारा अभ्यासक त्याच मिथकाच्या जाळ्यात अडकला होता. हे पुढे कोणा टीकाकाराने दाखविले त्यापेक्षा महत्त्वाचे असे की, ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या स्मिथ यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात आपली ही चूक स्वतःच मान्य केली. आपल्याच गाजलेल्या ग्रंथाविरुद्ध साक्ष देणारे प्राध्यापक कोणत्याही देशात मोजकेच असतात.

१९५० हे साल या कहाणीत आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी विल्यम रॉबर्टसन को या धनिकाने येल विद्यापीठाला 'अमेरिकन स्टडीज'साठी मोठी देणगी दिली. तिच्यामागील हेतू उघड होता: साम्यवादाच्या व समाजवादाच्या प्रचाराला उत्तर म्हणून तरुणांच्या मनात अमेरिकन जीवनपद्धतीविषयी निष्ठा रुजविणे. येथील नॉर्मन होम्स पिअर्सन हे प्राध्यापक महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात काम करून आले होते. आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलला, समाजवादी विचारांच्या मॅथीसन यांनी बॉस्टनमधील एका हॉटेलच्या खिडकीतून उडी टाकून जीवनाचा शेवट केला. सहचर गेल्याचे दुःख, एकाकीपणा, आणि भोवतालच्या जगाविषयीचे नैराश्य यांचा तो एकत्रित परिणाम होता; एकाच कारणावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या वर्षी या विषयाला सुबत्ता आली त्याच वर्षी त्याच्या संस्थापकांपैकी एक संशयाच्या वातावरणात नाहीसा झाला, या योगायोगाकडे काणाडोळा करता येत नाही. १९५१ साली अमेरिकन स्टडीज असोसिएशन स्थापन झाली. विषयाला नियतकालिक होते, संघटना होती, पैसा होता. प्रश्न होता तो हा की, ज्याच्या पैशाने दिवा लागला त्याच्या अंगणातील अडगळीवर त्या दिव्याचा प्रकाश पडू द्यायचा की नाही?

या प्रश्नाचे उत्तर प्राध्यापकांनी नव्हे, विद्यार्थ्यांनी दिले. व्हिएतनामचे युद्ध, नागरी हक्कांची चळवळ, स्त्रियांचे लढे यांनी साठीच्या दशकात विद्यापीठे ढवळून निघाली. १९६८-६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट येथील विद्यार्थ्यांनी काळ्या व इतर वर्णांच्या लोकांचा इतिहास शिकविला जावा म्हणून चार-साडेचार महिने संप केला. १९७० साली सॅन दिएगो येथे स्त्री-अभ्यासाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. 'अमेरिकन मन' नावाची एकच एक वस्तू आहे, या गृहीतकालाच सुरुंग लागला. पाठोपाठ १९७२ मध्ये ब्रूस कुक्लिक यांनी जुन्या पद्धतीवर तर्कशुद्ध हल्ला चढविला. चार-दोन श्रेष्ठ ग्रंथ वाचून कोट्यवधी लोकांच्या मनात काय चालले होते हे तुम्हाला कळलेच कसे, असा त्यांच्या लेखाचा रोख होता. हा साधा प्रश्न वीस वर्षे कोणी इतक्या स्पष्टपणे विचारला नव्हता, याचेच आश्चर्य वाटते.

मग आज या विषयाचा वर्ग चालतो तो कशाच्या आधारे? एक उदाहरण घेऊन पाहणे बरे. समजा, विद्यार्थ्याने अभ्यासासाठी मोटार निवडली. अर्थशास्त्राचा अभ्यासक सांगेल की हेन्री फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात 'मॉडेल टी' जातीच्या दीड कोटी गाड्या काढल्या आणि १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू करून किंमत उतरविली. येथेच थांबले तर ती यशोगाथा होते. कामगारांचा इतिहास वाचला की कळते की त्याच १९१३ मध्ये त्या कारखान्यातील कामगार इतक्या झपाट्याने काम सोडून जात होते की वर्षाकाठी नोकरभरती एकूण कामगारसंख्येच्या साडेतीनपटीहून अधिक करावी लागे. सरकता पट्टा माणसाला सोसवत नव्हता. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक, मजुरी जाहीर केली. समाजशास्त्राकडे वळावे तर आणखी निराळे दृश्य दिसते. ते पाच डॉलर मिळण्यासाठी कामगाराचे घर स्वच्छ आहे काय, तो दारू पितो काय, पैसे साठवितो काय, हे पाहण्यास कंपनीचे निरीक्षक घरोघर जात. परदेशांतून आलेल्या कामगारांसाठी कंपनीने इंग्रजीची शाळा काढली होती आणि तिच्या पदवीदान समारंभात रंगमंचावर एक प्रचंड कढई उभारली जाई. आपापल्या देशी पोशाखांत कामगार तिच्यात उतरत आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकन सूट घालून, हातात झेंडे घेऊन बाहेर पडत! हा प्रकार अर्थशास्त्राचा, शिक्षणाचा की नाट्यशास्त्राचा? तो कोणत्याही एका विभागाच्या पोटात मावत नाही.

पुढे जावे तर साहित्य येते. फिट्झजेरल्डच्या 'ग्रेट गॅट्सबी'त (१९२५) पिवळी मोटार ऐश्वर्याचे आणि मृत्यूचे वाहन ठरते; स्टाइनबेकच्या १९३९ च्या 'ग्रेप्स ऑफ रॅथ'मध्ये देशोधडीला लागलेले शेतकरी कुटुंब मोडक्या गाडीत संसार भरून कॅलिफोर्नियाची वाट धरते. १९५६ च्या कायद्याने सुमारे ४१ हजार मैलांच्या राजमार्गांची योजना आखली गेली आणि मोटार म्हणजे स्वातंत्र्य, हे समीकरण पक्के झाले. पण कोणाचे स्वातंत्र्य? हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून एक मार्गदर्शिका छापावयास सुरुवात केली. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावी खोली मिळेल, कोठे जेवण मिळेल, याची त्यात यादी असे. ही 'ग्रीन बुक' तीस वर्षे निघत होती. लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन या मोटारवाल्यांच्या उपनगरात गोऱ्यांखेरीज कोणाला राहू न देण्याची अट करारातच होती. आणि खुद्द मोटारींच्या राजधानीत, डेट्रॉइटमध्ये, 'ब्लॅक बॉटम' ही काळ्यांची जुनी वस्ती पाडून तिच्यावरून राजमार्ग नेण्यात आला. त्या मार्गाला नाव मिळाले तेही एका मोटार कंपनीच्या संस्थापकाचे, क्रायस्लरचे. यादी, करारपत्र, कादंबरी, नकाशा आणि मजुरीचा तक्ता ही पाच निराळ्या कपाटांतील कागदपत्रे समोर ठेवली, तरच मोटारीने अमेरिकेचे काय केले हे दिसते. येथे विषय एकत्र आले ते कोणी वेळापत्रकात तसे बसविले म्हणून नव्हे. हातातील प्रश्न एका विषयाला उरकेना म्हणून.

या पद्धतीतही धोके आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनेक शास्त्रांचे थोडे थोडे ज्ञान असलेला विद्यार्थी कोणत्याच शास्त्राची शिस्त अंगी बाणवून घेत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि बऱ्याच ठिकाणी खरीही आहे. सिनेमावर एक तास, संगीतावर एक तास, स्थलांतरितांवर एक तास, असा चिवडा करून ठेवणारे अभ्यासक्रम अमेरिकेतही उदंड आहेत. याच्या उलट टोकाला जॅनिस रॅडवे यांचा 'रीडिंग द रोमान्स' हा १९८४ चा ग्रंथ ठेवावा. स्वस्त प्रेमकथा बायका का वाचतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी त्या कथा बारकाईने वाचल्या, प्रकाशनाच्या धंद्याचे अर्थकारण तपासले, आणि एका लहान गावातील पुस्तकांच्या दुकानाभोवती जमणाऱ्या वाचक स्त्रियांशी दीर्घ संवाद केला. तेव्हा असे आढळले की, त्या बायकांच्या दृष्टीने कथेइतकेच महत्त्व वाचण्याच्या कृतीला होते. पुस्तक हातात असते तेवढा वेळ घरातील कोणाचाही त्यांच्यावर हक्क नसे. आपल्याकडील सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून दुपारी कादंबऱ्या बदलून नेणाऱ्या गृहिणींचा असा अभ्यास कोणी केला असता, तर मराठी कादंबरीच्या इतिहासात एक निराळेच प्रकरण लिहावे लागले असते. पुढे, १९९८ साली, याच रॅडवे यांनी संघटनेच्या अध्यक्षपदावरून 'अमेरिकन' या शब्दावरच प्रश्नचिन्ह लावले. अमेरिका हे दोन खंडांचे नाव. ते एका राष्ट्राने आपल्यापुरते घ्यावे काय?

अर्थात राज्यकर्त्यांना असे प्रश्न रुचत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने शाळांतील आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या प्रगत पाठ्यक्रमास नकार दिला. एप्रिल २०२५ मध्ये मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय निधीने दिलेली हजाराहून अधिक अनुदाने मध्येच रद्द झाली. जूनमध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी राजीनामे दिले; निवड झालेल्या अभ्यासकांना राजकीय कारणांनी डावलले जात आहे, असा त्यांचा आरोप होता. १९५० साली देशनिष्ठा रुजविण्यासाठी ज्या विषयावर पैसा ओतला गेला, तो विषय आज देशनिष्ठेच्याच नावाखाली अडचणीचा ठरतो आहे. विषय बदलला असे म्हणावे, की प्रामाणिक प्रश्न विचारला म्हणजे तो देणगीदाराच्या कुंपणात राहत नाही असे म्हणावे? दुसरे म्हणणे अधिक खरे दिसते.

या कहाणीचा एक धागा भारतातूनही जातो, आणि तो थेट रेशनच्या दुकानातून! १९५४ च्या 'पी. एल. ४८०' या कायद्याखाली अमेरिकेचा गहू भारतात आला. गाजरगवत त्याच गव्हातून आले असा समज अजूनही खेडोपाडी आहे. या धान्याची किंमत भारत रुपयांत भरी आणि ते रुपये येथेच अमेरिकेच्या खात्यावर साठत. त्या साठ्याचा काही भाग विद्याव्यवहारावर खर्च झाला. १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके, त्यांत मराठीही आली, खरेदी करून अमेरिकेतील निवडक ग्रंथालयांना पाठविली जाऊ लागली. इकडे हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ साली अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभे राहिले. देशभरच्या प्राध्यापकांनी तेथील समृद्ध ग्रंथालयात बसून प्रबंध लिहिले. केंद्राचे नाव व रूप पुढे बदलले. त्या प्रबंधांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट खटकते. अभ्यासक बहुतेक इंग्रजीचे. साहजिकच हेमिंग्वे, फॉकनर यांच्यावर लेखन पुष्कळ झाले, पण पी. एल. ४८० हाच ज्याचा विषय आहे, ज्यात शेती, अन्न, राजकारण आणि ग्रंथालय एकत्र येतात, असे लेखन मात्र त्या मानाने तुरळक. ज्या गव्हाने ग्रंथालय उभारले त्याच्याविषयी त्या ग्रंथालयात कुतूहल नसावे, हा आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा विपर्यासच नव्हे काय?

वस्तुतः मराठी माणसाला अमेरिकेचा अभ्यास कसा करावा हे कोणत्याही केंद्राने शिकविण्याची गरज नव्हती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तो एका देशाचा इतिहास दुसऱ्या देशाच्या प्रश्नासाठी वाचण्याचा अव्वल नमुना होय. पंडिता रमाबाई डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे त्या देशात हिंडल्या. त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक १८८९ साली निघाले. राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, धर्म, दानधर्म, स्त्रियांच्या संघटना या साऱ्यांचा त्यात परामर्श आहे. मूळ रहिवाशांवरील अन्याय आणि काळ्या लोकांविषयीचा दुजाभावही त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. हार्वर्डच्या उपक्रमाला तेव्हा अद्याप अठ्ठेचाळीस वर्षे अवकाश होता. आणि पुढे मुंबईतील तरुण लेखकांनी १९७२ साली आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव घेतले, तेही अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याचे वाचन करूनच.

या सर्वांमध्ये विद्यार्थी म्हणून डोळ्यांसमोर राहतात ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे त्यांनी घेतलेल्या पाठ्यक्रमांची नोंद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. आजच्या भाषेत ही 'क्रेडिटां'ची यादी कोणत्याही एका चौकटीत बसली नसती. पण ती विस्कळीत नाही. अर्थशास्त्राच्या या विद्यार्थ्याने मे १९१६ मध्ये डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात निबंध वाचला तो भारतातील जातिसंस्थेवर. प्रश्न बरोबर घेऊनच ते बोटीवर चढले होते. विभाग त्यांनी त्या प्रश्नाच्या सोयीने निवडले.

तीस वर्षांनी, १९४६ मध्ये, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज जाणार असल्याचे वाचून त्यांनी विल्यम ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. भारतातील अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील काळ्यांची स्थिती यांत इतके साम्य आहे की हा अभ्यास केवळ स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, असा त्या पत्राचा आशय होता, आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेरीस उत्तर पाठविले, आपण डॉ. आंबेडकरांचे नाव ऐकून आहोत, असे त्यात त्यांनी कळविले होते. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील ग्रंथालयात, ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत, जपून ठेवलेले आहे.